जुनी बुली आणि मुलांचा प्रवास

फोक्सवॅगनची ‘टाइप २’ ही डब्याच्या आकाराची गाडी १९५० मध्ये जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात तयार होऊ लागली. बेन पोन या डच मोटारविक्रेत्याने १९४७ मध्ये वहीच्या पानावर काढलेले एक साधे रेखाचित्र हा तिचा उगम. १९५१ पासून वीडेनब्रुकच्या वेस्टफालिया कंपनीने तिच्या पोटात बाक, कपाटे, शेगडी आणि बिछाना बसवायला सुरुवात केली आणि सगळ्या कुटुंबाने तिच्यात राहावे, रांधावे, झोपावे अशी कॅम्पर व्हॅन लोकांच्या हाती आली. १९५६ मध्ये उत्पादन हानोव्हरला गेले. पहिली पिढी १९६७ पर्यंत चालली, दुसरी १९७९ पर्यंत आणि तिसरी १९९० पर्यंत. तिन्हींचे इंजिन मागे. जर्मन लोक तिला लाडाने ‘बुली’ म्हणतात. ब्राझीलमध्ये ‘कोम्बी’ या नावाने ती २०१३ च्या अखेरपर्यंत बनत होती. तिथे नव्या गाड्यांना एअरबॅग आणि एबीएस ब्रेक सक्तीचे झाले, आणि इतक्या जुन्या घडणीत ते बसवणे परवडणारे नसल्याने उत्पादन थांबले.

मुलांना घेऊन बुलीतून निघणाऱ्या कुटुंबासाठी ब्राझीलमधली ही अखेर बोलकी आहे. गाडीचा काही भाग दुरुस्तीने सुधारतो, काही भाग कितीही पैसे घातले तरी जुनाच राहतो. जे सुधारता येते ते निघण्यापूर्वी सुधारायचे आणि जे सुधारत नाही त्याला जुळेल असा प्रवास आखायचा, एवढ्यावर सगळे अवलंबून असते. सोय आणि सुरक्षितता या दोन गोष्टी इथे वेगळ्या काढता येत नाहीत. कंटाळलेली, उकाड्याने हैराण झालेली, भुकेलेली मुले मागे रडू लागली की चालकाचे लक्ष रस्त्यावर राहत नाही.

सर्वांत आधी प्रश्न येतो तो मुलांनी बसायचे कुठे याचा. पहिल्या दोन पिढ्यांमध्ये चालक आणि शेजारचा प्रवासी पुढच्या चाकांच्या वर बसतात. त्यांच्या गुडघ्यांपुढे बॉनेट नाही, इंजिन नाही. पत्रा आहे आणि त्यापलीकडे थेट रस्ता. समोरून धडक बसली तर ती झेलायला पुढे जागाच उरत नाही. तिसऱ्या पिढीत पुढच्या सांगाड्यात आघात शोषणारी रचना आली आणि गाडी बरीच भक्कम झाली, तरी ती आजच्या गाडीच्या तोडीची नाही. म्हणून ‘पुढून छान दिसते’ या हट्टापायी लहान मुलाला पुढे बसवणे टाळावे. त्याची जागा मागच्या, पुढे तोंड असलेल्या बाकावर. अनेक गाड्यांत स्वयंपाकाच्या कपाटाशेजारी किंवा चालकाच्या पाठीमागे छोटी आसने असतात. त्यांतली काही आडवी, म्हणजे खिडकीकडे तोंड करून बसण्याची असतात. ती गाडी उभी असताना बसण्यासाठी आहेत. चालत्या गाडीत त्यांवर मूल बसवू नये, पट्टा बांधूनही नाही. अचानक ब्रेक लागला की शरीर बाजूला फेकले जाते आणि पट्टा मानेवर किंवा पोटावर काचतो.

बुली जितकी जुनी तितका पट्ट्यांचा प्रश्न अवघड. पश्चिम जर्मनीत नव्या मोटारींना पुढच्या आसनांचे पट्टे १९७४ पासून आणि मागच्या आसनांचे १९७९ पासून बंधनकारक झाले. त्याआधीच्या गाडीत मागे पट्टे नसतील तर ते कायदेशीर, पण मुलांसाठी तेवढ्यावर भागत नाही. आजच्या जर्मन नियमानुसार १२ वर्षांखालच्या आणि १५० सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मान्यताप्राप्त बालआसन लागते. ज्या गाडीत पट्टेच नाहीत तीत ३ वर्षांखालच्या मुलाला नेता येत नाही, आणि त्याहून मोठ्या पण १५० सेंटीमीटरपेक्षा ठेंगण्या मुलाला मागेच बसवावे लागते. भारतातही २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन सक्तीचे केले आहे आणि ते नसल्यास १,००० रुपये दंड ठेवला आहे. तीन वर्षांपुढचे मूल पट्ट्याविना नेण्याची मुभा जर्मन नियम देतो, पण ती घेऊ नये. पट्टे बसवून घेतल्याशिवाय मुलांना घेऊन निघूच नये, हे इथे ठामपणे सांगायला हवे.

पट्टा बसवणे म्हणजे बाकाच्या फळीला भोक पाडून बोल्ट घालणे नव्हे. धडकेच्या क्षणी पट्ट्यावर येणारा ताण मुलाच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. लाकूड फाटते, पातळ पत्रा उसवतो. दुसऱ्या पिढीच्या अनेक गाड्यांत पट्टे अडकवण्याच्या आटे पाडलेल्या जागा कारखान्यातूनच दिलेल्या आहेत, त्या आतल्या अस्तराखाली दडलेल्या असतात. त्या शोधून, भोवतालचा पत्रा गंजलेला नाही ना हे खरवडून पाहून मगच त्यांचा उपयोग करावा. वरून नवा रंग आणि आतून पोखरलेला पत्रा ही जुन्या बुलींची नेहमीची कहाणी आहे. बिछाना म्हणून उलगडणारा बाक हौशी हातांनी बनवलेला असेल, तर तो काढून चाचणी झालेला बाक बसवण्याचा खर्च इतर कुठल्याही सजावटीआधी करावा.

कमरेचा दोन टोकांचा पट्टा आणि खांद्यावरून येणारा तीन टोकांचा पट्टा यांतला फरकही पालकांना नीट कळायला हवा. मोठ्या मुलांची उंची वाढवणारी बूस्टरची गादी फक्त तीन टोकांच्या पट्ट्याबरोबर चालते. कमरेच्या पट्ट्यावर तशी गादी वापरली तर धडकेत मुलाचे वरचे अंग पुढे दुमडते आणि पट्टा पोटात रुततो. लहानग्यांची स्वतःचे पट्टे असलेली काही आसने कमरेच्या पट्ट्याने बसवता येतात, पण ते आसनाच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले हवे. नव्या गाड्यांत आसन खटकन अडकवणाऱ्या आयसोफिक्सच्या कड्या असतात, जुन्या बुलीत त्या नसतात. त्यामुळे आसन विकत घेण्याआधी ते गाडीत नेऊन प्रत्यक्ष बसवून पाहणे हाच खात्रीचा मार्ग. तान्ह्या बाळाचे तोंड मागे असावे; युरोपातल्या ‘आर १२९’ या नव्या मानकात ही मर्यादा किमान १५ महिन्यांची आहे, आणि त्यानंतरही शक्य तितके दिवस तसेच बसवणे बाळाच्या मानेसाठी चांगले.

आग आणि धूर यांचा धोका पट्ट्यांइतकाच मोठा आहे, पण तो डोळ्यांना दिसत नाही. हवेने थंड होणाऱ्या बुलीचे इंजिन मागच्या बिछान्याखाली असते. पेट्रोलच्या टाकीपासून इंजिनापर्यंत येणाऱ्या रबरी नळ्यांना बाहेरून विणलेल्या सुताचे वेष्टण असते. आतले रबर कडक होऊन तडकले तरी वरून नळी धडधाकट दिसते. पेट्रोलमधले इथेनॉल हे जुने रबर आणखी लवकर खाते, आणि जर्मनीत २०११ पासून १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपावर मिळते. अशा तड्यातून तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकले की पेट घ्यायला वेळ लागत नाही. हवेने थंड होणाऱ्या या इंजिनाचा साचा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. तो एकदा पेटला की प्रखर ज्वाळेने जळतो आणि पाण्याने विझत नाही. नळ्यांची किंमत एका जेवणाइतकी. इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या आणि नवे क्लिप दर काही वर्षांनी न चुकता बदलावेत, आणि मुलांना घेऊन पहिल्यांदा निघताना तर गाडीची पूर्वपीठिका कितीही चांगली सांगितली गेली असली तरी बदलावेतच. पेट्रोलचा वास आला तर गाडी थांबवून इंजिन बंद करायचे, ‘पुढच्या पंपावर बघू’ म्हणायचे नाही.

अग्निशामक नळकांडे चालकाच्या हाताशी असावे, मागच्या कपाटात नव्हे. आग मागेच लागते. पण त्याचा उपयोग माणसे बाहेर पडल्यानंतरचा. इंजिनाचे झाकण पूर्ण उघडले तर हवा मिळून भडका वाढतो, म्हणून फवारा फटीतून मारतात. आणीबाणीत मुलांनी काय करायचे याची तालीम घरच्या अंगणातच व्हावी: पट्ट्याचे बटण कुठले, सरकते दार कसे उघडते, बाहेर पडून कुठल्या झाडापाशी उभे राहायचे. चार वर्षांचे मूलही हे खेळ म्हणून शिकते.

धुराचा धोका गाडीच्या हीटरमध्ये दडलेला असतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात गरम पाणी नसते. त्यामुळे सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या नळांभोवती पत्र्याची पेटी बसवून तिच्यातून हवा फिरवतात आणि तीच गरम हवा आत सोडतात. ही पेटी किंवा आतला नळ गंजून भोक पडले की इंजिनाचा धूर थेट मुलांच्या पायांशी येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची पहिली लक्षणे, आणि गाडी लागलेल्या मुलाची लक्षणेही नेमकी हीच. मुले मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात, म्हणून विषबाधा आधी त्यांना होते. थंडीत हीटर चालू असताना मूल डोके दुखते म्हणाले किंवा अवेळी पेंगू लागले, तर ‘गाडी लागली असेल’ असे म्हणून पुढे जाऊ नये. गाडी थांबवावी, सगळ्यांनी मोकळ्या हवेत यावे, बरे वाटले नाही तर ११२ ला फोन करावा आणि मेकॅनिकने तपासेपर्यंत हीटर बंद ठेवावा. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे, कॅम्परसाठी बनवलेले छोटे यंत्र मुलांच्या झोपण्याच्या उंचीवर लावावे. जुन्या बुलीत एवढ्या कमी पैशांत एवढे मोलाचे दुसरे काही बसवता येत नाही.

शेगडीचा गॅस वेगळ्या स्वभावाचा. तो हवेपेक्षा जड असल्याने गळला की तळाशी साठतो. त्याला वाट म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला भोक ठेवलेले असते. ते भोक थंडी किंवा धूळ येते म्हणून बोळा कोंबून बुजवलेले अनेकदा आढळते. जर्मनीत गॅसची जोडणी दर दोन वर्षांनी तपासून घ्यावी लागते, आणि रेग्युलेटर व नळी दहा वर्षांनी बदलतात. गाडी चालताना सिलिंडर बंद असावा. शेगडी रांधायला आहे. रात्री ऊब यावी म्हणून ती पेटती ठेवून झोपणे जिवावर बेतू शकते.

ब्रेक आणि टायर यांची परीक्षा आल्प्समध्ये होते. ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनर घाटरस्ता १९३५ मध्ये खुला झाला. ४८ किलोमीटर लांब, ३६ नागमोडी वळणे, १२ टक्क्यांपर्यंत चढ. कुटुंब, सामान, पाणी घेऊन सुमारे ५० अश्वशक्तीची बुली तो चढते, सावकाश. खरी काळजी उतरणीची. सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि ब्रेक ऑइल उकळू लागते. हे तेल हवेतले पाणी शोषते. ‘डॉट ४’ प्रकारचे ताजे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, ओलावा मुरलेले १५५ अंशांनाच उकळू शकते, आणि उकळलेल्या तेलात पेडल नुसतेच खाली जाते. म्हणून तेल दोन वर्षांनी बदलायचे आणि ज्या गियरमध्ये चढ चढलो त्याच किंवा त्याखालच्या गियरमध्ये उतरायचे. टायरवर ‘डॉट’पुढचे शेवटचे चार आकडे त्याचे जन्मसाल सांगतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कॅम्पर वर्षातून दोन महिने फिरते, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र म्हातारे होते. दहा वर्षांचा टायर कितीही नवा दिसला तरी काढावा, स्टेपनीचासुद्धा.

वेगाची आखणी इथूनच सुरू होते. हानोव्हर ते बाल्टिक किनाऱ्याजवळचे ल्यूबेक हे सुमारे २०० किलोमीटर अंतर नवी मोटार सकाळच्या चहानंतर निघून जेवणाआधी सहज पार करते. बुलीतून मुलांसह हाच एक पूर्ण दिवसाचा प्रवास धरावा. ताशी ८०–९० किलोमीटरला इंजिन सुखात असते, आवाज बोलण्याइतका राहतो आणि थांबायला अंतर उरते. दर दीड-दोन तासांनी थांबा, तोही पेट्रोलपंपाच्या फरशीवर नको, गवतावर किंवा पाण्याकाठी हवा, म्हणजे मुले धावून येतात. तेलाची पातळी पाहायला हीच वेळ बरी. या इंजिनात तेल जेमतेम अडीच लिटर असते आणि तेच त्याला थंडही ठेवते. थोडे कमी झाले तरी फरक पडतो. तेलाची पट्टी पुसून पुन्हा बुडवून पाहण्याचे काम आठ-दहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या देखरेखीखाली, इंजिन निवल्यावर, आनंदाने देता येते.

गाडी लागण्याचा त्रास साधारण २ ते १२ वर्षांच्या मुलांना अधिक. बुली उंच, मऊ आणि वाऱ्याने डुलणारी, त्यात इंजिनाचा वास. पुढच्या काचेतून दूरचे दिसेल अशी जागा, हलका नाश्ता, पुस्तक आणि मोबाइलऐवजी गोष्टी आणि गाणी, आणि किंचित उघडी खिडकी यांनी बराच फरक पडतो.

उन्हाळ्यात वातानुकूलन नसलेली पत्र्याची पेटी भट्टी होते. उभ्या, बंद गाडीतले तापमान अर्ध्या तासात पंधरा ते वीस अंशांनी चढू शकते आणि लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापते. झोपलेले मूल ‘दोनच मिनिटे’ म्हणूनही गाडीत एकटे ठेवू नये. भर दुपारचा प्रवास सोडून पहाटे निघणे, उन्हाच्या बाजूला ओला पंचा किंवा पडदा, आणि बालआसनाच्या पट्ट्याचे लोखंडी कुलूप तापलेले नाही ना हे हाताने पाहून मग मूल बसवणे, हे जमते.

सामान बांधणे हा बुलीतला स्वतंत्र विषय आहे, कारण स्वयंपाकघर आणि मुले एकाच खोलीत प्रवास करतात. ताशी ५० किलोमीटरवर गाडी आदळून थांबली तर सुटी वस्तू आपल्या वजनाच्या तीसएक पट जोराने पुढे येते. एक किलोचा डबा तीस किलोच्या धोंड्यासारखा लागतो. जड भांडी आणि पाण्याचे कॅन तळाला आणि बाकाला टेकवून, कपाटांच्या कड्या घट्ट, टेबल उतरवून बांधलेले. मुलांच्या हाती फक्त मऊ खेळणी. जुन्या टाकीचे पाणी धुण्याभांड्यांना वापरावे आणि पिण्याचे वेगळ्या कॅनमध्ये न्यावे.

रात्री बुली खुलते. छप्पर उचलले की वरचा बिछाना मुलांना झाडावरच्या घरासारखा वाटतो. सहा वर्षांखालच्या मुलाला मात्र तिथे झोपवू नये, आणि मोठ्या मुलांसाठीही जाळी लावून ती नीट अडकवावी. झोपेत खाली पडणे हीच इथली नेहमीची दुखापत. छप्पर उचलणाऱ्या कात्रीत बोटे सापडतात, तसेच सरकत्या दाराच्या फटीत. म्हणून ‘हात वर’ असे सगळ्यांनी म्हटल्याशिवाय दार लोटायचे नाही हा नियम चांगला. काही वेस्टफालिया गाड्यांत पुढच्या आसनांवर आडवी झोळी बांधून मुलाला झोपवण्याची सोय असते. महाराष्ट्रातल्या आजीला ती लगेच ओळखीची वाटावी. तिच्या कापडाची शिवण आणि दांडे दरवर्षी तपासावेत; पन्नास वर्षांचे कापड हाताने ओढले तरी फाटू शकते. चार माणसांच्या श्वासाने काचा ओल्या होतात, तेव्हा एक खिडकी बोटभर उघडी राहू द्यावी. गाडी चालू असताना मात्र ना झोळीत, ना वरच्या बिछान्यात, ना उलगडलेल्या बाकावर कुणी झोपावे.

एवढे करूनही बुली कधी ना कधी रस्त्यात बंद पडते. महामार्गावर ती उजवीकडच्या पट्टीवर घ्यावी, दिवे लुकलुकते ठेवावेत, मोठ्यांनी चमकते जॅकेट घालावे आणि सगळ्यांनी सरकत्या दारातून, म्हणजे रहदारीच्या विरुद्ध बाजूने उतरून कठड्यापलीकडे जावे. तीच गाडी इंग्लंडला नेली तर वाहने डावीकडून चालतात आणि सरकते दार नेमके रहदारीच्या बाजूला उघडते. तिथे मुलांना डाव्या बाजूच्या पुढच्या दाराने उतरवावे लागते. जर्मनीत इशाऱ्याचा त्रिकोण महामार्गावर किमान १५० मीटर मागे ठेवतात. मुलांना गाडीत बसवून मदतीची वाट पाहू नये, पाऊस असला तरी. म्हणून रेनकोट, पाण्याची बाटली, खाऊ आणि एक पांघरूण असलेली पिशवी दाराशीच टांगलेली असावी. जर्मनीत एडीएसी या १९०३ मध्ये स्थापन झालेल्या मोटारसंघटनेच्या पिवळ्या गाड्या मदतीला येतात, आणि जुन्या बुलीचे अनेक बिघाड तिथल्या तिथे निस्तरले जातात. तसे झाले नाही तर बुली ओढून न्यावी लागते. तेव्हा तिच्यासोबत बालआसनेही निघून जाऊ देऊ नयेत; ती उतरवून घ्यावीत आणि ज्या वाहनातून पुढे जायचे त्यात आधी बसवावीत.